घारापुरी : पाण्यापलीकडचे गाव

आमच्या महाळुंग्याच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर महिला मंडळाची बैठक बसते. (महाळुंगे म्हटले की लोक चाकणजवळचे समजतात. आमचे ते नव्हे. आमचे मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे, बालेवाडीला लागून असलेले. २०२१ साली ते पुणे महापालिकेत गेले.) अशाच एका बैठकीत यंदाची सहल कुठे न्यायची हा विषय निघाला. कार्ले-भाजे दोनदा झालेले. अजिंठा लांब आणि खर्चाचे. मी हिशेबनीस, म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, घारापुरीला जाऊ या. तिथं महादेवाची लेणी सगळे बघतात, पण पलीकडच्या टेकडीवर आपला स्तूप आहे, तिकडं कुणी जात नाही."

महिलांना 'आपला स्तूप' हे शब्द पुरेसे होते. आमची आक्का तेवढी गप्प होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय पन्नाशीच्या पुढे. चैत्यभूमीला दरवर्षी जाते, त्यामुळे समुद्र तिने पाहिलेला आहे. पण बोटीत कधी बसली नाही. पाण्याची तिला भीती आहे, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईल.

जानेवारीतला रविवार धरला, कारण सोमवारी तिथली लेणी बंद असतात. पहाटेच्या सिंहगड एक्सप्रेसने आम्ही चौदा माणसे मुंबईला गेलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या मिरच्या असा सगळा बंदोबस्त बरोबर होता. गेटवे ऑफ इंडियापासून लाँच सुटते आणि साधारण तासाभरात बेटावर नेते. अंतर दहा-अकरा किलोमीटर. म्हणजे आमच्या महाळुंग्याहून शिवाजीनगर जेवढे, जवळपास तेवढेच. हे लक्षात ठेवा, कारण या लेखात जे काही सांगायचे आहे ते या एवढ्याशा अंतरातलेच आहे.

लाँचवर चढताच प्रत्येकाला केशरी रंगाचे जॅकेट घालायला लावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर 'नीलकमल' नावाच्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. आक्काने ती बातमी पाहिलेली होती. तिने जॅकेटचे बंद स्वतः बांधले, मग शेजारच्या दोघींचे तपासले, आणि पूर्ण तासभर माझ्या मुलीचा हात सोडला नाही. वाटेत मोठमोठी जहाजे उभी. तेलाची जहाजे लागतात ते बुचर बेट एका बाजूला, पुढे न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन, आणि लांब उत्तरेला २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू. मग दोन टेकड्या आणि त्यांच्यामधली खिंड असे हिरवे बेट समोर आले.

बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. मुंबई समोर दिसते, पण सातबारा आणि रेशनकार्ड उरणचे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या. लोक बहुतेक आगरी-कोळी. १५३४ साली बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. धक्क्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव पाडले. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो फुटला आणि तुकडे मुंबईतच राहिले. पुढे जोडून भायखळ्याला राणीच्या बागेत उभा केला. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो बघायला मिळतो. ज्याच्या नावाने जगभरचे प्रवासी येतात तोच बेटावर नाही, याची आमच्या सौ.ला फार गंमत वाटली.

मोठ्या लेण्याबद्दल मी फार लिहीत नाही. १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, हातातली पिशवी ओढणारी माकडे, आणि आत तीन मुखांची ती भव्य मूर्ती. पाच मीटरहून उंच, अखंड कातळात कोरलेली. ज्या हातांनी ती घडवली त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आम्ही सगळे थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

खरे जायचे होते ते पूर्वेच्या टेकडीवर. तिकडे गर्दी नाही. वाटेत एक-दोन अर्धवट लेणी लागतात. त्यांच्यापुढे एक कोरडे पडलेले तळे आणि त्याच्या काठाला खडकात खोदलेली पाण्याची टाकी. अभ्यासक ही टाकी बौद्धांची मानतात. भिक्खू जिथे राहिले तिथे त्यांनी आधी पाण्याची सोय केली, हे कार्ले-भाज्याला पाहिलेच होते. इथे तर चहूकडे खारे पाणी, त्यामुळे पावसाचा थेंब धरून ठेवणे हाच जगण्याचा मार्ग. टेकडीच्या टोकाला मातीने आणि झाडोऱ्याने झाकलेला विटांचा उंचवटा आहे. तोच स्तूप. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला असावा असे सांगतात. म्हणजे महादेवाचे लेणे कोरले जाण्याच्या सात-आठशे वर्षे आधीचा. पाटी नाही, कठडा नाही. महिलांनी चपला काढल्या, त्रिशरण-पंचशील म्हटले. आक्काने कडेला सुटलेली एक वीट हाताने जरा चाचपली आणि होती तिथेच राहू दिली.

उतरताना उन्हाने जीव कासावीस झाला. खाली एका घराच्या पडवीत एक बाई ताक आणि चिंचा घेऊन बसलेली. वय आक्काएवढेच. "कुठशी आलाव?" तिने विचारले. पुण्याकडून म्हटल्यावर तिने आम्हा सगळ्यांना पडवीत बसवले आणि ताकाचे पैसे नंतर बघू म्हणाली. आक्का आणि ती बाई पाच मिनिटांत अशा बोलू लागल्या की जणू एका गावच्या. बाकीची मंडळी लेण्यांजवळच्या दुकानांकडे गेली, मी आणि मुलगी तिथेच बसलो.

बाईंचा जन्म बेटावरचा, लग्नही बेटावरच. लहानपणी खेळायला डोंगर आणि समुद्र. ओहोटीला चिखलात उतरून खेकडे आणि शिंपल्या गोळा करायच्या, पावसाळा संपला की भाजीपाला लावायचा, आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांना चिंचा-बोरे विकायची. "आमच्या पोरांना इंग्लिश शाळेच्या आधी येते," त्या हसून म्हणाल्या, "आकडे आणि 'थँक्यू'." साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच गेटवेकडे गेली की पाहुण्यांपैकी कोणी बेटावर राहात नाही, राहायला परवानगीच नाही. "मग बेट आमचं," असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

पण रात्रीचे काय, असे मुलीने विचारले. तेव्हा त्यांनी पदर सावरला. रात्री बेट एकटे. समोर मुंबई पेटलेली, दक्षिणेकडे उरण पेटलेले, जहाजांचे दिवे, आणि मध्ये आमचे तेवढे काळे. संध्याकाळी जनरेटरवर तीनेक तास वीज मिळायची, नंतर चिमणी आणि कंदील. वीज खरी आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली, पंचवीस कोटी रुपये खर्च झाला. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेल्यावर ही गोष्ट घडली, आणि ती मुंबईच्या डोळ्यांसमोर! त्या रात्री वस्तीतली लेकरे झोपली नाहीत म्हणे. बटण खाली-वर करून बघत बसली. "मी पण बघितलं," बाई म्हणाल्या, "लेकरांना कशाला नावं ठेवू?"

मला आमची मुळा आठवली. मी त्यांना सांगितले की आमच्या नदीवर वरच्या अंगाला मुळशीचे धरण आहे. टाटांनी ते बांधायला घेतले तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. मावळातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली, लोक डोंगराच्या कडेला सरकले. त्या धरणाचे पाणी बोगद्यातून घाटाखाली भिरा इथे सोडतात आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होऊन ती मुंबईला जाते. म्हणजे तुम्हाला समोर दिसत होता त्या उजेडात आमच्या नदीचेही पाणी होते.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमच्याकडं तरी उजेड होता का?"

मला हसू आले. आमच्या वस्तीत पहिला बल्ब १९८८ साली लागला. गावात त्याच्या आधी बरीच वर्षे दिवे होते. वस्ती गावापासून किती लांब? हाकेच्या अंतरावर. मध्ये फक्त एक ओढा. पण खांब ओढ्यापर्यंत येऊन थांबले होते. बेट व्हायला समुद्रच लागतो असे नाही, हे आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

तो ओढा आमच्या घरात अजून वाहतो, असे मी म्हणेन. पावसाळ्यात मुळेला पूर आला की तिचे पाणी ओढ्यात उलटे शिरायचे आणि वस्ती तीन बाजूंनी पाण्यात. चार-चार दिवस बाहेर जाणे नाही. शाळा ओढ्यापलीकडे. आक्का सातवीपर्यंत पहिल्या नंबरात होती. आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलात नाव घातले, ते चार-पाच किलोमीटर चालत. १९८५ च्या जुलैत पाणी उतरेना. एकदा ती धाडस करून ओढ्यात उतरली आणि पाय सुटला. पलीकडच्या काठावर गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला केसांना धरून ओढून काढले, म्हणून आज आहे. त्यानंतर दोन आठवडे ती शाळेत गेली नाही. गेली तेव्हा हजेरीपटावरून नाव कमी केलेले होते. वडिलांनी गुरुजींची गाठ घेतली नाही. "पोरीची जात, जिवावरचं निभावलं, पुरे झालं," एवढेच ते म्हणाले.

पाच वर्षांनी मी पाचवीत गेलो. तेव्हाही ओढा तोच होता, पाणीही तेच. वडील मला खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. वहीला पाणी लागू नये म्हणून दप्तर डोक्यावर धरायचे. आक्का त्या वेळी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. माझी बी.कॉम.ची शेवटच्या वर्षाची फी तिच्या रोजातून भरलेली आहे. ही गोष्ट मी आजवर भाषणातसुद्धा सांगितलेली नाही. समाजाच्या कार्यक्रमात शिक्षणावर मी पुष्कळ बोलतो.

तर पडवीत आक्काने बाईंना विचारले, "बाय, तू किती शिकलीस?"

बाईंनी बोटे दाखवली, सहा. पुढे शिकायचे तर बेट सोडून उरणला किंवा मुंबईत नातेवाइकांकडे राहावे लागायचे. भावाला मामाकडे ठेवले. हिला कोण ठेवणार? "पोरगी परक्याच्या घरी कशी ठेवायची, असं बाबा बोलला." त्याच बाबाला पुढे एका पावसाळी रात्री छातीत कळ आली. वारा असा की होडी काढायला कोणी धजेना. उजाडेपर्यंत सगळे धक्क्यावर बसून राहिले, समोरच्या मुंबईत रुग्णालयांची काय कमी? उजाडले तेव्हा होडीची गरज उरली नव्हती. हे त्यांनी शांतपणे सांगितले. बेटावरच्या बायका दिवस भरत आले की आठ-पंधरा दिवस आधीच पलीकडे जाऊन राहतात, पोटातले मूल भरती-ओहोटी विचारून येत नाही, असेही म्हणाल्या.

त्यांची मुलगी आता उरणला मावशीकडे राहून कॉलेज करते. शनिवारी येते, रविवारी दुकानावर बसते, सोमवारी पहाटे जाते. शिकून झाले की बेटावर राहणार नाही असे तिने सांगून टाकले आहे. बाईंना ते पटतेही आणि पटत नाहीही. "मीच पाठवली," त्या म्हणाल्या. "आता घर रिकामं वाटतं म्हणून रडायचं कशाला? पण वाटतं."

माझ्या मुलीने मग त्यांना एक गोष्ट सांगितली. दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान द कुन्हा नावाचे बेट आहे. माणसे राहतात अशा बेटांमध्ये जगातले सगळ्यात एकाकी. शेजारचे वस्तीचे बेट चोवीसशे किलोमीटरवर. विमान उतरत नाही, आफ्रिकेतल्या केपटाउनहून बोटीने आठवडाभर लागतो. वस्ती अडीचशेच्या आतबाहेर. बटाटे लावायचे, समुद्रातले शेवंड धरायचे आणि बोटीची वाट बघायची. १९६१ साली तिथे ज्वालामुखी फुटला आणि सगळ्या लोकांना इंग्लंडला नेले. तिथे वीज, दवाखाने, शाळा, पगाराची कामे, सगळे होते. तरी १९६३ साली बहुतेक सगळे आपल्या बेटावर परत गेले.

"परत गेली?" बाईंनी विचारले. "का?"

मुलगी म्हणाली, त्यांना तिथला गोंगाट आणि गर्दी सोसली नाही, आणि आपले गाव ते आपले गाव.

बाईंनी मान हलवली. आक्का मात्र म्हणाली, "त्यांना जाऊन बघायला तरी मिळालं. बघून परत आले. न बघता बसून राहणं वेगळं." यावर दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही ताकाच्या पेल्याकडे बघत राहिलो.

आज बेटाची स्थिती पूर्वीसारखी नाही. वीज आहे, मोबाइल चालतो, घरात टीव्ही आहे. पण लाँचला पर्याय नाही, आणि वादळाचा बावटा लागला की सगळे ठप्प. पावसाळ्यात पर्यटक घटले की हातातला पैसा आटतो. ज्या लेण्यांमुळे पोट भरते, त्यांच्यामुळेच बेटावर बांधकामाचे नियम कडक. घर वाढवायचे तरी विचार करावा लागतो. आमच्या महाळुंग्याला याच्या उलटे झाले. ओढ्यावर स्लॅब पडला, दोन्ही अंगांना वीस-वीस मजली इमारती उठल्या, आणि ज्या पुराने आम्हाला कोंडले तो आता त्यांच्या पार्किंगमध्ये शिरतो. वस्ती मात्र तिथेच आहे. आता तिच्याभोवती पाण्याऐवजी कंपाउंडच्या भिंती आहेत आणि सोसायटीच्या गेटावरचा वॉचमन आमच्या पोरांना कुठे निघालात म्हणून विचारतो.

साडेचारला आम्ही उठलो. बाईंनी ताकाचे पैसे अर्धेच घेतले. आक्काने आपल्या पिशवीतली चटणीची डबी त्यांना दिली, त्यांनी चिंचेची पुडी दिली. नाव-पत्ता कोणी कोणाचा विचारला नाही. मुलीने फोटो काढू का म्हणून विचारले तर दोघी एकदमच नको म्हणाल्या.

धक्क्यावर शेवटच्या लाँचसाठी ही झुंबड. एक-दोन आगरी मुले दप्तर घेऊन उलट्या दिशेने, उरणकडच्या छोट्या होडीत चढत होती. सोमवारची शाळा गाठायची असणार. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. लाँच निघाली, अंधार पडू लागला, आणि मागे बेटावर एकेक दिवा लागत गेला. उंच खांबांवरचे दिवे तर लांबून ठळक दिसत होते. आक्का या खेपेला कठड्याला धरून उभी राहिली. कोणाचा हात धरला नव्हता.

निम्म्या वाटेवर तिने माझ्या मुलीला विचारले, "तो दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म असतो, त्याचा नंबर काय गं?"

"सतरा नंबरचा फॉर्म, आत्या. कुणाला पाहिजे?"

"मला."

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हते. मुलीनेच सगळे समजावले: वयाची वरची अट नाही, विषय कुठले घ्यायचे, आणि सगळ्यात आधी शाळा सोडल्याचा दाखला लागेल.

दाखला म्हणजे त्या हायस्कूलचा, जिथे नाव कमी केले होते. सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे गेलो. ऑफिसातल्या क्लार्कने, म्हणजे आमच्याच बिरादरीच्या माणसाने, चाळीस वर्षांपूर्वीचे रजिस्टर म्हणजे जुन्या खोलीत शोधावे लागेल, पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले. पुढच्या आठवड्यात गेलो. दोन रजिस्टरे सापडली, १९८४ चे आणि १९८६ चे. मधले अजून सापडायचे आहे. नाहीच मिळाले तर प्रतिज्ञापत्र करून दुसरी प्रत कशी मिळवायची याचीही चौकशी करून ठेवली आहे. तोवर आक्काने मुलीची आठवीची गणिताची पुस्तके माळ्यावरून काढून घेतली आहेत आणि संध्याकाळी विहारात दिव्याखाली बसते. परवा अपूर्णांकांच्या बेरजेत अडली होती. तिथे मी थोडा उपयोगी पडलो.